शेतकऱ्याची बुद्धी

झाडीपट्टीतली दंडार पाहिलेल्या माणसाला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ परका वाटणार नाही. चारजण बसतात, सोंगे ठरवतात, संवाद आयत्या वेळी रचतात; डाव साधला की फसला, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या या खेळाचे नियम 2024 मध्ये सुधारले. खेळाडूंचे पुस्तकच 384 पानांचे! (बँकेची परिपत्रके बरी म्हणायची.)

एक बदल मात्र मोलाचा. पूर्वी पात्राचे बळ, बुद्धी वंशावरून वाढे. आता पूर्वीच्या व्यवसायावरून वाढते. पण त्यातही शेतकऱ्याच्या वाट्याला शक्ती, काटकपणा, शहाणपण येते, बुद्धी लेखनिकाला! नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या तुकडाभर शेतात वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवडून एचएमटी धान तयार केले. त्यांना कोणत्या रकान्यात बसवणार?