किमोनंतरचे दिवस घरी: समज आणि वस्तुस्थिती

किमोथेरपी आता बऱ्याचदा डे-केअरमध्ये होते. सकाळी सलाईन लागतं, संध्याकाळी रुग्ण घरी येतो. औषध रुग्णालयात दिलं जातं, पण त्याचे परिणाम पुढचे दोन-तीन आठवडे घरातच दिसतात. तिथे लक्ष ठेवायला असतो तो नवरा किंवा बायको. या कामाचं शिक्षण त्यांना मिळालेलं नसतं. मिळतात ते नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आणि व्हॉट्सॲपवरचे सल्ले. त्यातले काही निरुपद्रवी असतात, काही मात्र जिवावर बेततात.

समज: बारीक ताप आहे, पॅरासिटामॉल देऊ आणि सकाळी बघू.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत घातक समज आहे. किमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अनेक औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या तळाला जातात. एरवी शरीर सहज परतवून लावतं तो जंतुसंसर्ग त्या दिवसांत काही तासांत रक्तात पसरू शकतो. म्हणून १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात फोन करायचा. आधी पॅरासिटामॉल दिली तर आकडा उतरतो, संसर्ग मात्र तसाच राहतो आणि अँटिबायोटिक सुरू व्हायला उशीर होतो.

कपाळाला हात लावून हा ताप कळत नाही. उशाशी थर्मामीटर हवा, आणि फाईलच्या पहिल्याच पानावर रुग्णालयाचा चोवीस तास चालणारा नंबर आणि शेवटच्या किमोची तारीख. ताप नसताना हुडहुडी भरली, धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तरीही फोन करायलाच हवा.

समज: किमो चालू असताना अंथरूण आणि भांडी वेगळी ठेवावीत.

वस्तुस्थिती: कर्करोग स्पर्शाने किंवा उष्ट्याने होत नाही. शेजारी झोपणं, मिठी मारणं, एका ताटात जेवणं यात धोका नाही. जोडीदारालाच सर्दी-खोकला झाला असेल तर मात्र त्याने मास्क लावावा आणि दोन दिवस लांब राहावं. काळजी घ्यायची ती लघवी, शौच आणि उलटीची, कारण किमोनंतर साधारण ४८ तास त्यातून औषध बाहेर पडतं. साफ करताना हातमोजे घालावेत, झाकण लावून दोनदा फ्लश करावं आणि माखलेले कपडे वेगळे धुवावेत. शरीरसंबंधात निरोध वापरावा आणि उपचार सुरू असताना गर्भधारणा टाळावी.

समज: साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो.

वस्तुस्थिती: कर्कपेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं. पण मेंदूपासून स्नायूंपर्यंत सगळ्याच पेशींना ग्लुकोज लागतं, आणि ते कमी पडलं तर शरीर स्वतःच तयार करतं. गोड तोडून गाठ आटत नाही, वजन मात्र उतरतं. वजन फार उतरलं की किमोची मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची सायकल लांबते. मधुमेह असेल तर त्याचं पथ्य अर्थातच पाळायचं.

या दिवसांत प्रथिनं महत्त्वाची: उकडलेलं अंडं, मुगाची खिचडी, पनीर, नीट शिजवलेले मासे. थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी द्यावं. बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं टाळावीत. तोंड आलं असेल तर तिखट बंद, ब्रश मऊ, आणि जेवणानंतर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

समज: काढा आयुर्वेदिक आहे, त्याने काय बिघडणार?

वस्तुस्थिती: बिघडू शकतं. किमोची बरीच औषधं यकृतातून जातात, आणि वनौषधीही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद काहीही असो, किमो चालू असताना घरात दिलं जाणारं प्रत्येक चूर्ण, काढा आणि गोळी कर्करोगतज्ज्ञाला सांगायलाच हवी. बाटलीचा फोटो दाखवला तरी काम होतं.

समज: उलट्या व्हायच्याच, आणि ओलान्झापिन तर वेडाची गोळी आहे.

वस्तुस्थिती: मोबाइलवर नाव शोधलं की ‘मनोविकारावरील औषध’ असं दिसतं, आणि घाबरून घरचे ती गोळी बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात कमी मात्रेत ती मळमळीवर उत्तम चालते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त दाखवलं, की १० ऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही उलट्या तितक्याच रोखल्या जातात आणि झापड कमी येते. उलटीच्या गोळ्या मळमळण्याची वाट न पाहता चिठ्ठीवरच्या वेळेलाच द्याव्यात.

समज: शेजारच्या काकूंना झालं तेच हिलाही होणार.

वस्तुस्थिती: किमो म्हणजे एकच औषध नव्हे. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. त्याने केस बहुधा दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि उपचार संपल्यावर परत येतात. ऑक्झालिप्लॅटिनने केस सहसा फारसे जात नाहीत, पण थंडी बाधते: फ्रीजमधलं स्टीलचं भांडं धरलं तरी बोटांत सुया टोचल्यासारख्या मुंग्या येतात, गार पाण्याने घसा आवळतो. अशा वेळी दूध, दही, पाणी जोडीदारानेच फ्रीजमधून आधी काढून ठेवावं.

समज: घरात कुणी रडायचं नाही, पॉझिटिव्ह राहिलं तरच आजार हटतो.

वस्तुस्थिती: डोकं आणि मानेचा कर्करोग झालेल्या १०९३ रुग्णांच्या अभ्यासात मनःस्थितीचा आणि आयुर्मानाचा संबंध आढळला नाही. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे रुग्ण खचला म्हणून आजार वाढला, असा ठपका कुणी त्याच्यावर ठेवू नये आणि जोडीदारानेही तो स्वतःवर घेऊ नये. उदासी आठवडे-आठवडे हटत नसेल तर दोघांपैकी कुणीही समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावं. त्यावर उपचार आहेत. आणि एखादी रात्र बहिणीने किंवा दिराने रुग्णाजवळ काढली, तर थर्मामीटर, फाईल आणि गोळ्यांच्या वेळा त्यांना आधी समजावून द्याव्यात.