आमदार कोणाचा?

निवडणुकीच्या दिवशी एकाच घरातली तीन माणसे एकाच मतदान केंद्रावर जातात आणि एकाच उमेदवाराच्या नावापुढचे बटण दाबून परत येतात. म्हटले तर घरात एकमत झाले. पण जेवायला बसल्यावर जरा विचारून पाहा!

आजोबा म्हणतील, "मी पक्षाला मत दिले. उद्या पक्षाने दगड उभा केला असता, तरी त्यालाच दिले असते."

आई म्हणेल, "मी पक्ष पाहिला नाही, माणूस पाहिला. आठ दिवस नळाला पाणी नव्हते, तेव्हा रात्री अकराला स्वतः येऊन उभा राहिला होता."

यंदाच मतदार झालेली मुलगी म्हणेल, "मी जाहीरनामा वाचला. कॉलेजच्या फीबद्दल त्यात जे वचन आहे, त्याला माझे मत."

पुढे दोन वर्षांनी एके सकाळी बातमी येते: हे गृहस्थ विरोधी पक्षात दाखल झाले. आजोबा वर्तमानपत्र आपटतात. आई म्हणते, "पण माणूस तोच आहे ना?" मुलगी विचारते, "आणि त्या वचनाचे काय?" फसवणूक झाली असेल, तर या तिघांपैकी नेमकी कोणाची?

प्रश्न जेवणाच्या पाटावरचा वाटतो खरा. पण लोकशाहीच्या तत्त्वज्ञानातला तो एक जुना आणि मोठा अवघड प्रश्न आहे. निवडून दिलेला माणूस आपला कोण लागतो? आपला निरोप पोचवणारा निरोप्या, की आपल्या हिताची राखण करणारा विश्वस्त?

ब्रिस्टलचे उत्तर

१७७४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडातल्या ब्रिस्टल या व्यापारी बंदराने एडमंड बर्कला पार्लमेंटात पाठवले. वॉरन हेस्टिंग्जवर पुढे ज्याने पार्लमेंटात खटला चालवला, तोच हा बर्क. ब्रिस्टलचे खासदार दोन. दुसरे क्रुगर. मतदारांनी आदेश द्यावा आणि प्रतिनिधीने तो पाळावा, हा पक्ष क्रुगर यांनी घेतला होता. टाळ्या मिळवायला याहून सोपे वाक्य कोणते?

बर्कने मात्र निवडून आल्याच्या दिवशीच मतदारांना न आवडणारी गोष्ट सांगितली. त्याचा आशय असा: मतदारांची सुखदुःखे प्रतिनिधीने आपल्या सुखापेक्षा मोठी मानावीत, त्यांच्यासाठी झोप मोडावी, पण स्वतःची विवेकबुद्धी मात्र कोणाच्याही पायांशी वाहू नये. पार्लमेंट म्हणजे निरनिराळ्या गावांच्या वकिलांची बैठक नव्हे, ती एका राष्ट्राची सभा आहे. शिवाय निर्णय घेणारे एका ठिकाणी आणि दोन्ही बाजू ऐकणारे दुसऱ्याच ठिकाणी, असे झाले तर वादविवाद करायचा तरी कशाला?

बोलल्याप्रमाणे तो वागला. आयर्लंडवरची व्यापारी बंधने सैल करावीत, कॅथलिकांवरचे जाचक कायदे उठवावेत, असे त्याने मांडले. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना ते रुचले नाही. १७८० च्या निवडणुकीत पराभव समोर दिसताच त्याने माघार घेतली. पुढे एका सरदाराच्या मुठीतल्या मतदारसंघातून तो पार्लमेंटात परतला, हेही सांगितले पाहिजे. पण ब्रिस्टलपुरती त्याने आपल्या मताची किंमत रोख मोजली.

याच्या अगदी उलट टोक जिनिव्हाच्या तत्त्वज्ञ रूसोचे. १७६२ साली त्याने लिहिले की इंग्रज स्वतःला स्वतंत्र समजतात, पण ते स्वतंत्र असतात ते फक्त निवडणुकीपुरते. ती संपली की पुन्हा गुलाम. लोकांची इच्छा दुसऱ्याच्या हाती सोपवता येतच नाही. प्रतिनिधी फार तर मुखत्यार असू शकतो.

आता घरातली मते ताडून पाहा. आई बर्कच्या बाजूची, मुलगी रूसोकडे झुकणारी. राहिले आजोबा! चिन्ह, जाहीरनामा आणि पक्षादेश यांसह आज आपण ज्याला पक्ष म्हणतो, तो त्या काळी जन्मायचा होता. आणि गंमत अशी की आपल्या देशात शेवटी कायद्याने उचलून धरले ते आजोबांचेच म्हणणे. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

एका वर्षात ४३८

१९५० साली आपली राज्यघटना अमलात आली, तेव्हा तीत राजकीय पक्षांविषयी एकही कलम नव्हते. आमदार निवडून आला की पुढे तो आणि त्याचा विवेक! १९६७ च्या निवडणुकीनंतर हा विवेक चव्हाट्यावर आला. अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले, सरकारे दोन-चार आमदारांवर तरंगू लागली आणि आमदारांचा भाव वधारला. हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आणि 'आया राम, गया राम' हा शब्दप्रयोग देशभर झाला.

लोकसभेने या रोगाची चिकित्सा करायला समिती नेमली. अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. समितीपुढे आलेले आकडे बोलके आहेत. पहिल्या ते चौथ्या निवडणुकीपर्यंतच्या सगळ्या काळात पक्षांतरे झाली सुमारे ५४२. आणि मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एकाच वर्षात निदान ४३८! सात राज्यांतल्या २१० पक्षांतर करणाऱ्यांपैकी ११६ जण मंत्री झाले. विवेकाला इतकी मंत्रिपदे लागतात, हे बर्कच्या ध्यानीमनीही नसेल.

समितीने १९६९ साली एक साधा उपाय सुचवला: पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. म्हणजे गूळच काढून घ्या, मुंगळे आपोआप पांगतील. सूचना सोपी होती. म्हणूनच की काय, ती कागदावर राहिली.

किरकोळ बंद, घाऊक चालू

कायदा आला तो १९८५ साली, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने. स्वतःहून पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिले, तर सदस्यत्व रद्द. मात्र पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ती फूट, आणि फुटीला माफी! एकट्याने केले तर पाप आणि मंडळी जमवून केले तर पुण्य, असा हा हिशेब. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक व्यापाराला परवाना, अशी टीका मधु लिमये यांनी केली ती यामुळेच.

२००३ साली एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने फुटीची सवलत काढली; दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट तेवढी ठेवली. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाही, हेही तेव्हा ठरले. म्हणजे चव्हाण समितीच्या सूचनेचा गाभा कायद्यात यायला चौतीस वर्षे लागली.

तेवढ्यात वादाने वेगळे वळण घेतले. २०२२ साली महाराष्ट्रात शिवसेनेत आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये जे घडले, ते आपण सर्वांनी पाहिले. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद घरोघर झाला. इथे तो पुन्हा नको. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की बाहेर पडलेल्यांनी "आम्ही पक्ष सोडला" असे म्हटलेच नाही. ते म्हणाले, "आम्हीच पक्ष आहोत." ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार बाहेरच्या राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नव्हे. पण मूळ पक्ष कोणता, हा प्रश्न आयोगाच्या आणि विधानसभाध्यक्षांच्या दारी गेलाच. आजोबा मात्र बुचकळ्यात पडले: "मी मत दिले तो पक्ष कोणता?"

जागेला न चिकटलेला माणूस

या कायद्याचे खरे दुखणे वेगळेच आहे. पद मिळवण्यासाठी पक्ष सोडणारा आणि पक्षाचे एखादे विधेयक वाईट वाटते म्हणून विरोधी मत देणारा, या दोघांना तो एकाच दावणीला बांधतो. पहिला वाटा शोधून निसटतो. दुसरा मान खाली घालून बसतो. १९९० सालच्या दिनेश गोस्वामी समितीने म्हणूनच सुचवले होते की पक्षादेशाची सक्ती सरकारवरच्या विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवावी. बाकी वेळी सदस्याला आपल्या बुद्धीने मत देऊ द्यावे. ती सूचना अजून वाट पाहते आहे.

मग विवेक कोणता आणि व्यवहार कोणता, हे ओळखायचे कसे? एक उदाहरण आठवते, तेही मधु लिमये यांचेच. पुण्याचा हा माणूस बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथल्या मतदारांनी लोकसभेवर पाठवला. ना जात कामाला आली, ना भाषा. आणीबाणीत ते तुरुंगात असताना १९७६ साली सरकारने लोकसभेची मुदत वाढवली. लिमये यांचा हिशेब सरळ होता: मतदारांनी आपल्याला पाच वर्षांसाठी पाठवले, सहाव्या वर्षासाठी नाही. त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला.

इथे निरोप्या आणि विश्वस्त यांचे भांडणच मिटते. मतदारांनी घालून दिलेली मुदत ज्याने पाळली, त्यानेच विवेकही पाळला. बर्काने आपले मत राखून जागा सोडली. लिमयांनी मतदारांचा करार राखून जागा सोडली. दोघांच्याही तागडीत दुसऱ्या बाजूला पडला तो तोटा, लाभ नव्हे. पारख करायची तर ती इथेच. मत बदलणे हा गुन्हा नाही. विचार करणाऱ्या माणसाचे मत बदलतेच. पण बदललेल्या मताबरोबर खुर्ची वर चढली की खाली उतरली, एवढे पाहावे.

असो. त्या तिघांचे उत्तर अजून द्यायचे आहे. फसवणूक तिघांचीही झाली, कारण तिघांनी दिलेल्या मतांची मिळून एकच जागा झाली होती आणि ती त्यांना न विचारता हलवली गेली. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार हात जोडून दाराशी आला, की रस्ते-पाण्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: "साहेब, तुमचे आणि पक्षाचे पटेनासे झाले, तर आधी पक्ष सोडाल की आमची जागा?"

उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, तेही पाहून ठेवावे.