बिगुलाचे पाच स्वर

तुमच्यापैकी जे एन.सी.सी. किंवा स्काउटमध्ये असतील त्यांनी बिगूल हातात घेऊन पाहिला असेल. त्यात नुसती जोराने हवा फुंकली तर काय होते? फुस्स असा आवाज येतो, दुसरे काही नाही! मी शाळेत असताना आमच्या पथकात बिगूल वाजवीत असे. दहावीनंतर तो सुटला. यंदा तीस वर्षांनी तो पुन्हा हातात घ्यावा लागला आणि वर्गात इतकी वर्षे शिकवलेला ध्वनीचा धडा मला स्वतःलाच नव्याने गिरवावा लागला.

झाले असे, की साताऱ्याकडच्या आमच्या कॉलेजात २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, हुतात्म्यांना मानवंदना देतात. त्या वेळी बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही संथ धून वाजते. नेहमी वाजवणारा कॅडेट बारावी होऊन परगावी गेला. समोर बसलेल्यांत, ज्यांच्या घरचा माणूस १९९९ च्या त्या लढाईतून परत आला नाही, अशीही मंडळी असतात. तेथे सूर फाटून चालत नाही. ध्वनिमुद्रित धून लावावी असे कोणी सुचवले. मला ते पटेना, आणि मी ‘वाजवतो’ म्हणून बसलो. हातात पाच आठवडे होते.

पहिल्या दिवशी खालचे दोन स्वर आले. तिसरा कापरा आला. चौथा काढायला जावे तर तिसराच वाजे, आणि पाचव्याचे तर नावच नको! दहा मिनिटांत ओठ बधिर झाले. छातीत दम होता, धून पाठ होती, बिगुलाला साधा पोचाही नव्हता. मग कमी काय पडत होते?

सनईत पत्ती असते, ती कंप पावते. बिगुलात अशी पत्ती नाही. तिचे काम वादकाचे ओठच करतात. आपली तुतारी आणि शिंग हीसुद्धा याच जातीची वाद्ये. मिटलेल्या ओठांतून हवा रेटली की ओठ झपाट्याने उघडझाप करतात आणि हवेचे लहान लहान झोत नळीत जातात. प्रत्येक झोताबरोबर दाबाची एक लाट निघते. ती भोंग्यापाशी पोहोचली की तिचा बराचसा भाग मागे फिरतो. परतलेली लाट नेमकी ओठ उघडण्याच्या वेळी आली, तर ती त्यांना उघडायला मदत करते. झोक्याला योग्य क्षणी धक्का द्यावा तसेच हे. हाच अनुनाद. वेळ चुकली तर तीच लाट ओठांच्या आड येते. म्हणजे कोणता स्वर काढायचा ते ओठ ठरवतात, पण नळी ठरावीक स्वरांनाच साथ देते.

ते स्वर कोणते? बिगुलाचे वळसे उलगडले तर नळी सुमारे १.४ मीटर भरते. ओठांकडचे टोक बंद आणि दुसरे उघडे धरून पाठ्यपुस्तकातले सूत्र लावून पाहा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर वारंवारता येतात ६१, १८४, ३०७, ४३०, ५५३ आणि ६७६ हर्ट्झ. १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांची रांग. पण प्रत्यक्ष बिगुलाचे स्वर असतात साधारण २३३, ३५०, ४६६, ५८३ आणि ६९९ हर्ट्झ. यांचे प्रमाण २ : ३ : ४ : ५ : ६ आहे. सूत्र चुकले का? नाही. सूत्र सरळ नळीचे आहे, आणि बिगूल सरळ नळी नाही. भोंग्याचा फुलत जाणारा आकार खालच्या लाटांना टोकापर्यंत जाऊ न देता आधीच परतवतो. त्यांच्यापुरती नळी जणू आखूड होते आणि खालचे स्वर जास्त वर सरकतात. वरच्या टोकाला माउथपीसचा पेलाही थोडी ओढाताण करतो. कारागिरांनी शतकानुशतके नुसत्या कानाने हे जुळवत आणले आहे, याचे मला गणितापेक्षा अधिक कौतुक वाटते. सर्वांत खालचा अनुनाद मात्र या रांगेत बसत नाही, आणि धुनांत तो वापरतही नाहीत.

गाणे शिकणाऱ्यांनी ही प्रमाणे ओळखली असतील. पहिला सा, मग प, वरचा सा, त्यावरचा ग, आणि त्यावरचा प. रे, म, ध, नी बिगुलावर नाहीतच. एवढ्या पाच स्वरांत सैन्याच्या साऱ्या धुना बसवलेल्या आहेत.

आता माझी अडचण पाहा. पहिल्या स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वारंवारता दीडपट होते. अंतर मोठे, म्हणून ओठ थोडे चुकले तरी नळी त्यांना सांभाळून घेते. पण चौथ्यावरून पाचव्यावर जाताना ती फक्त १.२ पट होते. वरचे स्वर असे दाटीने उभे असतात. ओठांचा ताण जरा ढिला पडला की शेजारचा स्वर तुम्हाला ओढून घेतो. शिवाय तेथे ओठांना सेकंदाला सुमारे ७०० वेळा उघडझाप करायची असते. हा ताण धरतो तोंडाभोवतीचा गोल स्नायू. बोलण्या-जेवण्यात त्याला असे काम कधीच पडत नाही. धून तीस वर्षे डोक्यात राहिली, हा स्नायू मात्र राहिला नाही!

मग माणूस काय करतो? माउथपीस ओठांवर दाबतो. मीही तेच केले. त्याने क्षणभर वरचा स्वर येतोही. पण दाबलेल्या ओठांतले रक्त हटते आणि ते लवकर बधिर होतात. म्हणून दाबणे सोडले. रोज पाच-पाच मिनिटे तीन वेळा, मध्ये भरपूर विश्रांती, आणि पहिले दोन आठवडे फक्त खालचे तीन स्वर, लांब आणि हळू. शेजारच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली, ती चौथ्या आठवड्यात उघडली.

तुम्हाला बिगूल मिळाला नाही तरी बिघडत नाही. झाडांना पाणी घालायच्या रबरी नळीचा दीड मीटरचा तुकडा घ्या (आधी नीट धुवा, आत मुंग्या असतात). एका टोकाशी ओठ मिटून ते फुरफुरवा. ओठ हळूहळू ताणत गेलात तर आवाज सरकत वर जाणार नाही, पायऱ्या चढल्यासारखा उड्या मारील. मग दुसऱ्या टोकात तेलाचे नरसाळे खोचा आणि पाहा, आवाज किती मोठा होतो, पायऱ्या कोठे सरकतात. पेटीवर त्या पायऱ्या ताडून वहीत लिहून ठेवा.

२६ जुलैला पाऊस होता, म्हणून कार्यक्रम व्हरांड्यात झाला. पाचही स्वर आपापल्या जागी लागले. शेवटचा लांब स्वर मात्र मी ठरवल्यापेक्षा थोडा आधी सोडला. ओठ थरथरू लागले होते. नंतर पहिल्या रांगेतल्या एका आजींनी बिगूल मागून घेतला, तो उलटा करून आत पाहिले, आणि काही न बोलता परत दिला.