डेटाबेसकडे जाणारा बोगदा
दूरच्या सर्व्हरवरील डेटाबेसचे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे धोक्याचे असते. मायएसक्यूएल सहसा ३३०६, तर पोस्टग्रेसक्यूएल ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते, हे घुसखोरांनाही ठाऊक असते. यावरचा उपाय म्हणजे एसएसएच बोगदा. आपल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही दूरच्या संगणकाशी सांकेतिक जोडणी करण्याची पद्धत तयार केली. बोगद्यासाठी आपल्या संगणकावरचे एक पोर्ट, समजा ३३०७, एसएसएच जोडणीला बांधतात. डेटाबेसचे सॉफ्टवेअर त्याच पोर्टशी बोलते. माहिती सांकेतिक रूपात सर्व्हरच्या पोर्ट २२ वर पोहोचते, तिथे उलगडते आणि डेटाबेसकडे जाते. बाहेरून दिसते ते फक्त एसएसएचचे दार. मात्र डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर असेल, तर बोगद्यापुढचा टप्पा वेगळा सुरक्षित करावा लागतो.