बाह्य रूप आणि अंतःकरण

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु तिचा उपयोग बहुधा इतरांपासून सावध राहण्यापुरताच करतो. गोड बोलणारा मनुष्य आतून कपटी असेल, हे आपणांस चटकन सुचते. पण ओबडधोबड दिसणारा मनुष्य आतून थोर असेल, हे सहसा सुचत नाही. म्हणीची ही दुसरी बाजू विद्यार्थीमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या नजरेस आणावी, एवढाच आमचा हेतू आहे. आणि त्याकरिता दृष्टांत शोधण्यास नाशिक सोडून दूर जाण्याचे कारण नाही.

पवित्र शास्त्रात शमुवेल संदेष्ट्याची कथा आहे. इस्राएलाचा नवा राजा निवडण्यासाठी तो बेथलेहेमास इशायाच्या घरी गेला. थोरला पुत्र एलियाब उंचापुरा व देखणा; त्याला पाहताच, हाच तो, असे शमुवेलास वाटले. परंतु मनुष्य डोळ्यांना दिसते तेवढेच पाहतो, देव मात्र हृदय पाहतो, असे त्याला सांगण्यात आले. आणि ज्याला घरच्यांनी बोलावलेसुद्धा नव्हते, तो मेंढरे राखणारा धाकटा दावीद अभिषिक्त झाला. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, चूक करणारा शमुवेल दुष्ट अथवा मूर्ख नव्हता. तो देवाचा माणूस होता. बाह्य रूपाला भुलण्याचा दोष सज्जनांनाही लागतो. आमचा नाशिकचा दृष्टांत हेच सांगतो.

शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा नाशिककर विरळा. परंतु ‘शरणपूर’ या नावात केवढा इतिहास साठला आहे, हे ठाऊक असणारेही विरळाच. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून गुलाम म्हणून विकण्याचा व्यापार चाले. इंग्रजी आरमाराची जहाजे अशी गुलामांनी भरलेली गलबते समुद्रात अडवीत. सुटका झालेल्या मुलामुलींपैकी काहींना पुढे नाशिकास आणीत. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविलेल्या शरणपुरात त्यांना आश्रय मिळे. तेथे ती अक्षर शिकत, सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकत आणि ख्रिस्ती शिक्षणात वाढत. आईबाप, गाव, भाषा, एवढेच काय पण जन्माचे नावही हरवलेली ती लेकरे होती.

इ. स. १८६५ मध्ये सुप्रसिद्ध मिशनरी व संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या शेवटच्या आफ्रिका प्रवासासाठी येथील नऊ तरुण निवडले. दुसऱ्या वर्षी प्रवास सुरू झाला आणि लवकरच डॉक्टरसाहेबांच्या रोजनिशीत या मुलांविषयी तक्रारी उमटू लागल्या: ती आळशी आहेत, मागे रेंगाळतात, त्यांना परत जावयाचे आहे. काहींनी खरोखरच साथ सोडली. ज्या सत्पुरुषाने गुलामगिरीच्या नाशासाठी आपले आयुष्य वेचले, त्याचे हे मत! तक्रार अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या प्रदेशातून आपणांस साखळदंड घालून नेले, त्याच प्रदेशात, जेथे तो व्यापार अजून चालू होता, पुन्हा पाऊल टाकताना त्या तरुणांच्या मनात काय कालवत असेल? पाय जड पडताना दिसत होते. पायांवरचे पूर्वीचे ओझे दिसत नव्हते.

इ. स. १८७२ मध्ये स्टॅन्ली यांनी झांझिबारहून लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस माणसांची एक नवी तुकडी पाठविली. तीत शरणपुरात शिकलेले आणखी काही तरुण होते. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. तोही बालपणी गुलाम म्हणून नेला गेलेला, याओ जमातीचा. १ मे १८७३ रोजी, आज झांबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात, चितांबो या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन यांनी देह ठेवला. आता त्या माणसांना हुकूम करणारा कोणी नव्हता. सामान वाटून घेऊन प्रत्येकाने आपली वाट धरली असती, तर अडविणारेही कोणी नव्हते. मनुष्याची परीक्षा अशाच वेळी होते.

त्यांनी काय केले? सुसी व चुमा या जुन्या सोबत्यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी आपल्या धन्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. शरणपूरच्या जेकबने प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली, झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव व तारीख कोरली आणि सामानाची यादी लिहून काढली. कोरलेला तो लाकडाचा भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जतन करून ठेवला आहे. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात व सालीत गुंडाळलेला देह खांद्यावर घेऊन ती मंडळी समुद्राकडे निघाली. हजार मैलांहून अधिक वाट, आणि महिने सुमारे नऊ. वाटेत भेटलेल्या कॅमेरन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने देह येथेच पुरावा असे सुचविले. त्यांनी ते मानले नाही. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास हरकत घेतली, तेव्हा त्यांनी देह कापडाच्या साध्या गाठोड्यासारखा बांधला व पुढे नेला. पाहणाऱ्याला तो व्यापाऱ्याचा माल वाटला!

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावर पोहोचले. जेकब देहासोबत इंग्लंडास गेला. तेथे चेहऱ्यावरून ओळख पटणे शक्यच नव्हते. अनेक वर्षांपूर्वी सिंहाने चावून मोडलेले डाव्या दंडाचे हाड पाहून शस्त्रवैद्यांनी खात्री केली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्ली होते, आणि शरणपूरचा जेकबही होता.

येथे गोष्ट संपविली असती, तर ती गोड झाली असती. परंतु सत्य याहून थोडे निराळे आहे. जेकब धन्याजवळ एक वर्षही राहिला नव्हता. अनेक वर्षे सोबत राहिलेले व या यात्रेचे खरे पुढारी सुसी आणि चुमा यांना मात्र झांझिबारात वेतन देऊन निरोप देण्यात आला. अंत्यविधीस ते नव्हते. एका स्नेह्याच्या खर्चाने पुढे ते इंग्लंडास आले. जेकबला इंग्रजी लिहिता-वाचता येत होते, तो डोळ्यांसमोर होता. म्हणून मान प्रथम त्याला मिळाला. म्हणजे निंदेत जशी बाह्य रूपाची भूल पडते, तशीच ती स्तुतीतही पडते. आणि ॲबीतील समाधीशिळेवर, विश्वासू हातांनी हा देह आणला, असा उल्लेख असला, तरी त्या हातांपैकी एकाचेही नाव कोरलेले नाही.

मग प्रत्येकाला थोरच मानावे काय? तसेही प्रभू येशूने सांगितलेले नाही. मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांविषयी त्याने आपणांस सावध केले आहे. आणि झाड फळावरून ओळखावे, हीच कसोटी घालून दिली आहे. परंतु फळ येण्यास काळ लागतो. ज्याला उतावळेपणा आवरत नाही, त्याला झाड कधीच कळत नाही. नासरेथातून काही चांगले निघेल काय, असे विचारणाऱ्या नथनेलाशी फिलिप्पाने वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच तो म्हणाला. नथनेल उठून गेला, म्हणून त्याला ख्रिस्त भेटला.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वर्गात खेड्यातून आलेला, बोलताना अडखळणारा, जुन्या कपड्यांतला एखादा सोबती असेल. तो मंद आहे असे ठरविण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन बसा. तो पहाटे किती वाजता उठतो, घरी कोणते काम करून शाळेत येतो, हे विचारा. पालकहो, मुलाचा मित्र कोणत्या घरचा, हे विचारण्याअगोदर तो मित्र संकटात कसा वागतो, हे विचारा. कारण मुले पारख शिकतात ती घरातील बोलण्यावरूनच. आणि शाळेची घंटा देणारे, वर्ग झाडणारे, वसतिगृहात भाकरी भाजणारे जे हात आपला भार रोज वाहतात, त्यांची नावे आपणांपैकी किती जणांस येतात? समाधीशिळेवर जी नावे राहून गेली, ती राहून जाण्यास आरंभ अशाच ठिकाणी होतो. पुढच्या वर्षीचा अंक हाती येईल, तोवर निदान ही नावे तरी आपणां सर्वांना माहीत झालेली असावीत, अशी आमची प्रभूजवळ प्रार्थना आहे.