आईविषयी विचारलेला एक प्रश्न
मॅल्कम एक्स यांच्या आत्मचरित्राने आधी लेखकाला बदलले, मग वाचकांना

रात्रीचे नऊ वाजले, की न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागातल्या एका लहानशा खोलीबाहेर निळी ओल्डस्मोबाइल मोटार येऊन थांबे. उंच, सडपातळ, चष्मा लावलेला एक कृष्णवर्णीय नेता आत येई आणि दोन-तीन तास बसे. समोर टाइपरायटर घेऊन बसलेले असत ॲलेक्स हॅले. अमेरिकेच्या तटरक्षक दलात वीस वर्षे नोकरी करून ते लेखनाकडे वळले होते. साल होते १९६३. काम होते मॅल्कम एक्स यांच्या आत्मचरित्राचे.

पण काम काही पुढे सरकेना. मॅल्कम बोलत, भरपूर बोलत. मात्र स्वतःबद्दल एक अक्षर नाही! जे काही बोलत ते आपल्या संघटनेबद्दल आणि गुरूंबद्दल. खोलीत सरकारने चोरून ध्वनिमुद्रण यंत्र बसवले असेल, असा त्यांना संशय होता. हॅले यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बोलता बोलता मॅल्कम हाताला लागेल त्या कागदावर काहीतरी खरडत असत. मग कॉफीच्या पेल्याबरोबर मुद्दाम कागदी रुमाल ठेवायला त्यांनी सुरुवात केली. मनातले जे तोंडावाटे येत नव्हते, ते त्या रुमालांवर उमटू लागले.

आणि एका रात्री, दिवसभराच्या धावपळीने थकलेले मॅल्कम खोलीत येरझारा घालत असताना हॅले यांनी सहज विचारले, की तुमच्या आईविषयी काही सांगाल का?

मॅल्कम थबकले. मग पुन्हा चालू लागले, पण आता चालीबरोबर शब्दही येऊ लागले. आईचे विटके करडे कपडे, चुलीशी वाकलेली तिची पाठ, होते नव्हते तेवढ्यात सगळ्यांची पोटे भरण्याची तिची धडपड. पहाट होईपर्यंत ते बोलत राहिले. पुढे साऱ्या जगात वाचल्या गेलेल्या त्या पुस्तकाचा खरा आरंभ त्या रात्री झाला.

मिटलेले दार

मॅल्कम लिटल यांचा जन्म १९ मे १९२५ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि कृष्णवर्णीयांनी स्वाभिमानाने उभे राहावे असे सांगणाऱ्या मार्कस गार्व्ही यांचे अनुयायी. १९३१ मध्ये लॅन्सिंग येथे ट्रामखाली त्यांचा मृत्यू झाला. हा अपघात नसून गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी केलेला घातपात आहे, असे घरच्यांना कायम वाटत राहिले. मागे राहिली ती आई लुईझ आणि पोरांचे लटांबर. मंदीचे दिवस, सरकारी मदतीचे अपमान आणि उपासमार यांत ती माऊली खचत गेली. १९३९ मध्ये तिला कॅलामझूच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. मुले निरनिराळ्या घरांत विखुरली.

मॅल्कम शाळेत हुशार होता. वर्गाने त्याला आपला प्रमुख निवडले होते. वकील व्हायचे स्वप्न त्याने इंग्रजीच्या शिक्षकांना बोलून दाखवले, तेव्हा कृष्णवर्णीय मुलाने असली स्वप्ने पाहू नयेत, सुतारकाम शिकावे, असा सल्ला त्याला मिळाला. शिक्षक दुष्ट नव्हते. उलट आपण मुलाच्या भल्याचेच सांगतो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. म्हणून तर तो प्रसंग वाचकाला इतका झोंबतो. मुलाचे मन शाळेतून उडाले ते कायमचेच.

पुढे बॉस्टन, मग न्यूयॉर्कचे हार्लेम. गोऱ्यांसारखे केस सरळ दिसावेत म्हणून टाळू भाजून काढणारे क्षाराचे मिश्रण डोक्याला लावणे, जुगार, मादक पदार्थ आणि अखेर घरफोड्या. १९४६ मध्ये आठ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मॅल्कम एकवीस वर्षांचेही नव्हते.

शब्दकोशातली पहाट

वाचकांना सर्वांत जास्त लक्षात राहते ते यापुढचे, तुरुंगातले प्रकरण. पत्र लिहायला बसावे तर शब्द सुचू नयेत. पुस्तक उघडावे तर निम्मे शब्द कळू नयेत. मॅल्कम यांनी तुरुंगाच्या शाळेतून एक शब्दकोश, वह्या आणि पेन्सिली मागवल्या. कुठून सुरुवात करावी हे कळेना, म्हणून पहिले पान जसेच्या तसे, विरामचिन्हांसकट उतरवून काढले. त्याला पूर्ण दिवस लागला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो बरेच शब्द लक्षात राहिलेले! मग दुसरे पान, तिसरे पान, असे करत त्यांनी सबंध शब्दकोश उतरवला.

रात्री दहाला दिवे मालवले जात. कोठडीच्या दाराशी बाहेरच्या दिव्याची अंधूक तिरीप येई. तिथे जमिनीवर बसून ते पहाटे तीन-चारपर्यंत वाचत. दर तासाला पहारेकऱ्याची पावले वाजली, की झटकन अंथरुणात शिरून झोपेचे सोंग घेत आणि तो गेला, की पुन्हा दाराशी. डोळे अधू झाले, चष्मा लागला. पण भिंतींच्या आत असताना आपण जितके मोकळे होतो तितके आयुष्यात कधीच नव्हतो, असे त्यांनी पुढे नमूद केले.

जगातल्या कितीतरी तुरुंगांत हे पुस्तक हातोहात फिरले ते या प्रकरणामुळे. ज्याची शाळा सुटली, ज्याला कोणी हुशार म्हटले नाही, अशा माणसाला ते सांगते, की अजून वेळ गेलेली नाही. फक्त पहिले पान उतरवायला घ्या.

ज्याच्या त्याच्या वाट्याचे पान

तुरुंगात असतानाच मॅल्कम ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेकडे वळले. गोरा माणूस म्हणजे साक्षात सैतान, अशी तिची शिकवण होती. १९५२ मध्ये सुटका झाल्यावर ते तिचे सर्वांत प्रभावी वक्ते बनले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांचे खरे आडनाव हरवले, म्हणून मालकाने दिलेले आडनाव टाकून त्यांनी ‘एक्स’ लावले. मार्च १९६४ मध्ये ते संघटनेतून बाहेर पडले. एप्रिलमध्ये हज यात्रेला गेले. तिथे निळ्या डोळ्यांचे गोरे यात्रेकरू त्यांच्याबरोबर एकाच ताटात जेवले आणि आयुष्यभर बाळगलेली समजूत त्यांना डळमळताना दिसली. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन सभागृहात भाषणाला उभे राहताच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय होते अवघे एकोणचाळीस. छापील पुस्तक आपण पाहणार नाही, असे ते म्हणत असत. ते खरे ठरले. ज्या प्रकाशकाशी करार होता, त्याने हत्येनंतर माघार घेतली. अखेर त्याच वर्षी ‘ग्रोव्ह प्रेस’ने पुस्तक बाहेर काढले.

ल्यू अल्सिंडर हा बास्केटबॉल खेळणारा उंचापुरा तरुण तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. हे पुस्तक वाचून तो आपल्या मुळांचा शोध घेऊ लागला आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. मात्र त्याने मॅल्कम यांची जुनी संघटना नव्हे, तर त्यांनी अखेरीस स्वीकारलेला इस्लाम जवळ केला. स्पाइक ली यांनी शाळकरी वयात हे पुस्तक वाचले आणि १९९२ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन यांना घेऊन त्यावर चित्रपट काढला.

हवाईत वाढलेल्या एका मुलाची गोष्ट आणखी निराळी. वडील केनियाचे, आई गोरी अमेरिकन. आईच्या माहेरी आजी-आजोबांच्या मायेत तो वाढत होता. स्वतःला पुन्हा पुन्हा नव्याने घडवणारे मॅल्कम त्याला भावले. पण आपल्या अंगातले गोरे रक्त काढून टाकता आले असते तर बरे, ही त्यांची इच्छा वाचून तो अडखळला. आपल्या आईला आपण अंगातून कसे काढून टाकणार? हा मुलगा म्हणजे बराक ओबामा. १९९५ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे प्रांजळपणे लिहिले आहे. पुस्तकाचा परिणाम म्हणजे केवळ भारावून जाणे नव्हे. ‘इथपर्यंत मी तुमच्याबरोबर, यापुढे नाही’, असे म्हणता येणे हाही परिणामच.

गोऱ्या वाचकांना अस्वस्थ करते ती कॉलेजातल्या एका मुलीची हकीकत. मॅल्कम यांचे भाषण ऐकून ती विमानाने न्यूयॉर्कला आली आणि हार्लेमच्या उपाहारगृहात त्यांना गाठून, आपण काय करू शकतो, असे तिने विचारले. तिच्याने काहीही होण्यासारखे नाही, असे त्यांनी तोडून टाकले. ती रडत निघून गेली. हजनंतर मात्र त्या उत्तराचा त्यांना पश्चात्ताप झाला आणि तोही त्यांनी पुस्तकात लिहून ठेवला.

आपल्याकडेही या प्रवाहाचे पाणी पोचलेले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी त्यांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दू बॉइस यांना पत्र लिहिले होते. मॅल्कम यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन १९६६ मध्ये ऑकलंड येथे ‘ब्लॅक पँथर’ पक्ष उभा राहिला आणि त्या नावाचा पडसाद १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’च्या रूपाने उमटला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, तेव्हा जगलेले आयुष्य न झाकता सांगण्याची ताकद मराठी वाचकालाही कळली.

सगळेच खरे?

या पुस्तकातले सगळेच तंतोतंत आहे, असे अभ्यासक मानत नाहीत. मॅनिंग मॅरेबल यांच्या २०११ च्या चरित्राने दाखवून दिले, की गुन्हेगारीच्या दिवसांचे वर्णन मॅल्कम यांनी बरेच रंगवून केले होते. स्त्रियांविषयीची त्यांची काही मते आज वाचवत नाहीत. हॅले यांची लेखणी आणि त्यांची स्वतःची मतेही पुस्तकात मिसळलेली आहेत.

पण एक गोष्ट हॅले यांच्यामुळेच वाचली. गुरूशी बिनसल्यावर मॅल्कम आधीची भक्तिभावाने सांगितलेली प्रकरणे बदलायला निघाले होते. हॅले यांनी हरकत घेतली. मॅल्कम रागावले, मग शांत झाले आणि प्रकरणे आहेत तशीच ठेवा म्हणाले. म्हणून पुस्तकात माणूस आधी मनापासून चुकताना दिसतो आणि मग तितक्याच मनापासून चूक कबूल करताना. अर्पणपत्रिका तेवढी बदलली. ती आधी गुरूंच्या नावे होती. नंतर पत्नी बेटी आणि मुलांच्या नावे झाली.

आणि ती आई? तिच्याबद्दल आपण मनाचे दारच लावून घेतले होते, हे त्या रात्रीनंतर मॅल्कम यांना उमगले. तिचा प्रश्न सुटणार नाही असे वाटे, म्हणून विचार करणेच त्यांनी सोडून दिले होते. इतर भावंडांचेही थोडेफार तसेच झाले होते. मग साऱ्यांनी मिळून खटपट केली. १९६३ मध्ये, सुमारे चोवीस वर्षांनी, लुईझ लिटल मनोरुग्णालयातून मुलांच्या घरी परतली.

पुस्तक छापून व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. एकही प्रत विकली गेली नव्हती, एकाही वाचकाने पान उलटले नव्हते. तरी एका घरात त्याचा परिणाम झालेला होता. आजही हे पुस्तक मिटल्यावर कोणाला क्रांती आठवते, कोणाला तुरुंगातला शब्दकोश. आणि एखाद्याला आपल्याच घरातले एखादे माणूस आठवते, ज्याची चौकशी करायची बरीच वर्षे राहून गेली आहे.