शिकवायला किती शास्त्र हवं?

गाणं शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या रागांत भूप देतेच. सा रे ग प ध, पाचच स्वर. पुढे एखादी चौकस मुलगी विचारते, "ताई, देशकारातही हेच स्वर आहेत ना? मग राग दोन कसे?"

इथे शिक्षकाचा कस लागतो. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप कल्याण थाटातला, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार बिलावल थाटातला, सकाळचा. एवढं लिहून परीक्षेत गुण मिळतात, पण त्या मुलीचं समाधान होत नाही. मी पेटी बाजूला सारते. आधी गंधारावर विसावून भूप गाते, मग वरच्या अंगात धैवतावर जोर देत देशकार. दोनतीनदा ऐकलं की फरक तीच सांगू लागते.

म्हणून 'आधी संगीत अलंकार परीक्षा पास व्हा, मगच शिकवा' हा आग्रह मला पटत नाही. बावीस श्रुतींची चर्चा न करताही पलटे आणि छोटा ख्याल उत्तम शिकवता येतो. मात्र जे शिकवायचं, त्याच्या पुढचं थोडं तरी गळ्यात हवंच. नुसतं वहीत असून भागत नाही. दहा थाटांची मांडणी करणाऱ्या भातखंड्यांनीसुद्धा देशभर हिंडून, गवयांकडून चिजा मिळवून मगच शास्त्र लिहिलं.

पालकांनो, क्लास निवडताना प्रमाणपत्रं जरूर बघा. पण शिक्षकांना दोन जवळचे राग गाऊन दाखवायची विनंतीही करा.